डोळा गेलेला नाही, निवड सुटली आहे

वाचकाचे पत्र

मी फोंडा तालुक्यात राहते. वडिलांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ गेली पंधरा वर्षे मी सांभाळते आणि प्रामुख्याने लग्नसमारंभांची छायाचित्रे काढते. माझे वय ४३ आहे. गेल्या वैशाखात देवस्थानाच्या सभागृहातील एका लग्नात अंतरपाट दूर होण्याच्या क्षणाचे माझे सगळे फोटो फोकसबाहेर गेले आणि मंगलाष्टकांच्या वेळच्या बऱ्याच फोटोंत वधूच्या चेहऱ्यावर काळसर आडवे पट्टे आले. वधूच्या भावाने ते फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकून नाराजी व्यक्त केली. ठरलेल्या रकमेतील अर्धी रक्कम मी सोडून दिली, पण तेव्हापासून माझा हात चालत नाही. प्रत्येक फोटोनंतर पडद्यावर पाहिल्याशिवाय पुढचा फोटो काढवत नाही. पूर्वी एका लग्नात बाराशे फोटो व्हायचे, आता चार हजार होतात आणि त्यांतले कोणते चांगले हे ठरवता येत नसल्याने सगळेच यजमानांना देऊन टाकते. लग्नाच्या आदल्या रात्री छाती धडधडते. बाहेरून येणाऱ्या मोठ्या पथकांचे काम पाहिले की आपण या व्यवसायात कशाला आहोत असे वाटते. तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन लग्नांचे आगाऊ पैसे मी घेतले आहेत. एक लग्न आमच्याच भागातील ओळखीच्या कुटुंबातले आहे, दुसरे बार्देशमधील समुद्रकाठच्या रिसॉर्टवरचे. हे पैसे परत करून स्टुडिओ बंद करावा का?

(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)

उत्तर

तुमच्या पत्रात फसलेल्या फोटोंची हकीकत सविस्तर आहे, परंतु माझे लक्ष वेधले ते त्यानंतर ओझरत्या आलेल्या एका वाक्याने. कोणते फोटो चांगले हे ठरवता येत नसल्याने सगळेच यजमानांना देऊन टाकते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते दुखण्याचे मूळ तिथे आहे. वैशाखातल्या त्या लग्नात जे घडले त्याची कारणे तांत्रिक आहेत आणि ती शोधता येतात; ती आधी पाहू. पण त्यानंतर निवडण्याचे काम तुम्ही स्वतःकडून काढून दुसऱ्याकडे सोपवले आणि त्यामुळे तो एक वाईट दिवस आजवर संपलेला नाही. छायाचित्रकाराचा आत्मविश्वास शटर दाबणाऱ्या बोटापेक्षा, हा फोटो ठेवायचा आणि तो टाकायचा, असे ठरवणाऱ्या निर्णयात अधिक असतो. तो निर्णय घेणे थांबले की कॅमेरा कितीही चांगला असला तरी हात अडखळू लागतो, कारण काय शोधायचे आहे हेच त्या हाताला कुणी सांगत नाही.

आधी पट्ट्यांविषयी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे ट्यूबलाइट आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात, जे आपल्या डोळ्यांना जाणवत नाही. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद असेल तर ही चढउतार प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण सामावते आणि उजेड सारखा पडतो. तो वेग १/२५० किंवा १/५०० ठेवला की फ्रेमचा एक भाग चढत्या उजेडात आणि दुसरा ओसरत्या उजेडात टिपला जाऊन पट्टे उमटतात. विधीत व्यत्यय नको म्हणून आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर लावलेले असेल तर हा दोष फारच वाढतो, कारण बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. भटजी मंगलाष्टके म्हणत असताना खटखट नको, या विचाराने तुम्हीही तसेच केले असावे, असा माझा अंदाज आहे. म्हणजे ज्या शिष्टाचारामुळे यजमान तुम्हाला बोलावतात त्यानेच या वेळी घात केला. सजावटवाल्यांच्या रंगीत एलईडी माळांचा वेग विजेच्या वेगाशी जुळतोच असे नाही, त्यामुळे तिथे हा हिशेबही पुरत नाही. मुहूर्ताच्या आधी मंडपातील सगळे दिवे लावून घेऊन दोन-तीन वेगांवर चाचणी करणे आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची, म्हणजे दिव्यांची ही चढउतार ओळखून फोटो घेण्याची सोय असेल तर ती चालू ठेवणे, हाच त्यावरचा उपाय आहे. जुन्या पिवळ्या बल्बमधली तापलेली तार क्षणात विझत नसल्याने वडिलांच्या काळात ही अडचण फारशी जाणवतच नसे. जे त्यांना शिकावे लागले नाही ते त्यांच्याकडून तुमच्यापर्यंत येण्याचा प्रश्नच नव्हता.

अंतरपाटाची अडचण वेगळी आहे. वराच्या मागे उभे राहून वधूचा चेहरा टिपायचा असतो तेव्हा स्वयंचलित फोकस मध्ये असलेल्या कापडाला, भटजींच्या हाताला नाहीतर उधळलेल्या अक्षतांना धरून बसतो. पाट बाजूला होताच त्याला चेहरा पुन्हा शोधावा लागतो आणि तो शोध पूर्ण होईपर्यंत हार घालूनही झालेले असतात. म्हणून जाणते छायाचित्रकार फोकसचे काम शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर देतात. पाट धरण्यापूर्वीच वधू जिथे उभी आहे त्या अंतरावर फोकस बांधून ठेवतात आणि मग शटर दाबले तरी तो हलत नाही. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे उजेड आत घेणारे छिद्र, एफ १.८ ऐवजी अधिक लहान, एफ ४ च्या आसपास ठेवले तर वधू थोडी पुढेमागे झाली तरी चेहरा हातचा जात नाही. घरात एखाद्या दोरीवर पंचा टाकून, पलीकडे कुणाला तरी उभे करून तो खाली ओढायला लावा आणि याचा सराव करा. हे पोरकट वाटेल, परंतु जो क्षण समारंभात एकदाच येतो त्याची तालीम घरीच करावी लागते.

तुमच्या वयाचा उल्लेख तुम्ही सहज केला असला तरी तो मला महत्त्वाचा वाटतो. चाळिशीनंतर डोळ्यांच्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे स्पष्ट दिसेनासे होते. वर्तमानपत्र हात लांब करून वाचावे लागते तेव्हा ते ध्यानात येते, पण कॅमेऱ्याच्या बाबतीत येत नाही. मागचा पडदा आपण वीतभर अंतरावर धरून पाहतो. तो अंधुक दिसला की फोटोच अंधुक आला असे वाटते, आणि याच्या उलट, खरोखर बिघडलेला फोटो लहान पडद्यावर ठीक वाटतो. डोळे तपासून घ्या. त्याचबरोबर व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या, शेजारी असलेली डायऑप्टरची (नजरेच्या नंबरानुसार जुळवायची) लहानशी चकती फिरवून, आतली अक्षरे ठसठशीत दिसतील अशी लावा. बॅगेत घासून ही चकती आपोआप फिरते आणि कित्येक जण वर्षानुवर्षे तिच्याकडे पाहत नाहीत. कॅमेरा आरशाचा, म्हणजे डीएसएलआर असेल तर तिपाईवर लावून भिंतीवरच्या छापील कागदाचे फोटो घ्या. फोकस सतत पुढे किंवा मागे पडत असेल तर दोष यंत्राचा आहे, आणि तो कॅमेऱ्यातील सूक्ष्म समायोजनाने किंवा सेवा केंद्रात दूर होतो.

पावसाळ्याचेही येथेच सांगून टाकतो. गोव्यात या महिन्यांत हवेतील दमटपणा इतका असतो की बंद कपाटात किंवा चामड्याच्या बॅगेत ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरायला वेळ लागत नाही आणि तिच्यामुळे चित्रातला ठसठशीतपणा हळूहळू, लक्षात न येता उतरत जातो. लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर तिला इतर लेन्सपासून वेगळी ठेवा. कोरडे कपाट परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल आणि स्वस्तातले आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.

हे सगळे तपासून झाल्यावर तुम्हाला हायसे वाटेल, परंतु एवढ्याने विश्वास परत येईल अशी आशा मी दाखवणार नाही. चूक का झाली हे कळले तरी चूक झाल्यानंतर लागलेल्या सवयी तशाच राहतात, आणि तुमच्या दोन सवयी एकमेकींना खतपाणी घालत आहेत. प्रत्येक फोटोनंतर पडद्यावर पाहताना तुमची नजर मंडपावरून खाली येते. तेवढ्यात वधूची आई डोळे टिपून मोकळी होते किंवा करवली मागे वळून हसते, आणि ते तुमच्या हातून निसटते. निसटल्याची जाणीव झाली की हळहळीने तुम्ही दहाच्या जागी तीस फोटो काढता. घरी येईपर्यंत त्यांची संख्या चार हजार झालेली असते, आणि जवळजवळ एकसारख्या चार हजार फोटोंपुढे कुणाचीही निर्णयशक्ती गळून पडेल. मग सगळेच यजमानांच्या स्वाधीन करण्यात सुटका वाटते. यजमान कोणते फोटो निवडतात? ज्यात मावशी डोळे मिटून नाही, काका अर्धे कापलेले नाहीत आणि साडी नीट दिसते ते. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र तशी निवड वर्षभर समोर येत राहिली की आपण काढलेले बरे फोटो कुणालाच नको आहेत, अशी तुमची समजूत होते. प्रत्यक्षात तुम्ही ते कुणापुढे मांडलेलेच नसतात.

तुमच्या वडिलांच्या रोलमध्ये ३६ फ्रेम असत आणि प्रत्येक फ्रेमला पैसे पडत, त्यामुळे निवडीचा मोठा भाग बटण दाबण्यापूर्वीच उरकलेला असे. रोलचा काळ चांगला होता, असे मला म्हणायचे नाही. अंतरपाटाचे फोटो तेव्हाही फसत. फक्त ते धुऊन आल्यावर कळायचे आणि तोवर पाहुणे आपापल्या गावी पोचलेले असायचे. पण त्या पद्धतीत एक टप्पा होता, जो आता कुणी सक्तीने आपल्याकडून करून घेत नाही. पूर्ण रोलचा एकाच कागदावर ठसा घेऊन, म्हणजे कॉन्टॅक्ट शीट करून, भिंगातून पाहत रंगीत पेन्सिलीने चार-दोन चौकटींना खूण करायची आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवायची. स्टुडिओतील माळ्यावर वडिलांच्या अशा काही शीट जपून ठेवलेल्या असतील तर त्या जरूर खाली काढा. त्यांनी कशाला खूण केली यापेक्षा कशाला केली नाही ते पाहा.

मोठ्या कामांतही हेच प्रमाण दिसते. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५० च्या दशकात अमेरिकाभर फिरून साडेसातशेहून अधिक रोल खर्च केले, म्हणजे सुमारे २७,००० फ्रेम, आणि त्यांतून अखेरीस ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ छायाचित्रे ठेवली. उरलेली सगळी वाईट होती असे नाही. ती त्यांनी नाकारली, आणि त्या नाकारण्यामुळेच ८३ चे मोल ठरले. याच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर छायाचित्रण करणारे गॅरी विनोग्रँड आहेत. फोटो काढतानाच्या मनःस्थितीचा निवडीवर परिणाम होऊ नये म्हणून ते रोल मुद्दाम बराच काळ न धुता ठेवत. ही शिस्त शहाणपणाची होती; परंतु पुढे काढणे वाढत गेले आणि पाहणे मागे पडले, आणि १९८४ मध्ये ते वारले तेव्हा सुमारे २,५०० रोल धुवायचेच राहिलेले होते. त्यांची थोरवी त्यामुळे कमी होत नाही, पण तुमच्या संगणकावरील चार-चार हजारांच्या फोल्डरांची गोष्ट याच जातीची आहे, आणि ती आत्ताच थांबवायला हवी.

म्हणून या चातुर्मासात तुम्ही पुढील काम करावे, असे सुचवतो. मुहूर्त नसल्याने हाताशी वेळ आहे आणि यजमानांचा तगादाही नाही. वैशाखातले ते लग्न सध्या बाजूला ठेवा. त्याच्या आधीची, निदान दोन वर्षे जुनी झालेली तीन लग्ने उघडा. इतक्या काळात त्या दिवसाची दगदग, उकाडा, कुणी काय बोलले हे सगळे पुसट झालेले असते आणि समोर केवळ चित्र उरते. प्रत्येक लग्नातून वीस छायाचित्रे निवडा. निवडताना हे यजमानांना आवडले होते का, अल्बममध्ये गेले होते का, यांपैकी काहीही आठवू नका. पहिल्या बैठकीत फक्त वगळायचे काम करा, म्हणजे भराभर पुढे जात, जिथे नजर थांबली नाही ते सगळे मागे टाका. ज्या फोटोबद्दल मनात वाद सुरू होतो तो त्या दिवशी ठेवा आणि पुढे जा, कारण या कामात वाद घालत बसले की थकवा येतो आणि थकल्यावर माणूस सगळेच ठेवतो. उरलेल्या शंभर-सव्वाशे फोटोंचे पोस्टकार्डाएवढे प्रिंट काढा. तुमच्याकडे स्टुडिओ आहे, तेव्हा खर्च फारसा येणार नाही. हे प्रिंट जेवणाच्या टेबलावर किंवा जमिनीवर पसरून ठेवा आणि जातायेता पाहत राहा. पडद्यावर एका वेळी एकच चित्र दिसते आणि प्रत्येक चित्र स्वतःपुरते बरेच वाटते. शेजारी शेजारी मांडल्यावर मात्र कोणते खरे आहे आणि कोणते नुसते नेटके आहे, ते दोन दिवसांत उघडे पडते. जे नको वाटेल ते उचलून पाकिटात टाका. वीस उरले की त्यांच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख घाला, सगळे बांधून ठेवा, आणि गणेश चवथ झाल्यावर तोच उद्योग पुन्हा पहिल्यापासून करा, आधीची निवड न पाहता.

दोन्ही वेळच्या निवडी जुळवून पाहाल तेव्हा काही प्रिंट दोन्हींत असतील. किती असतील हे मी सांगू शकत नाही आणि आकडा महत्त्वाचाही नाही. ते समोर ठेवून त्यांत काय समान आहे ते शोधा. कदाचित तुम्ही वधूपेक्षा तिच्या मागे उभ्या असलेल्या बायका अधिक चांगल्या टिपता. कदाचित स्वयंपाकघरातल्या वाफेतले, पंगतीतले किंवा पहाटे हळदीच्या वेळचे, खिडकीच्या उजेडातले फोटो तुमचे सर्वांत भक्कम असतील. जे निघेल ते तुमचे आहे, आणि यापुढे लग्नाला जाताना ते आधी मिळवायचे आहे हे तुम्हाला ठाऊक असेल. आपला डोळा उरला आहे का, या तुमच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून घेऊ नका. त्या प्रिंटांत ते असेल.

हे प्रिंट एकाच व्यक्तीला दाखवावेत, अन् तीही अशी निवडावी की जी नको ते नको म्हणेल. छायाचित्रकारांच्या गटांत टाकू नका. तिथे ‘अप्रतिम’ आणि ‘सुंदर टिपलंय’ याखेरीज काही पदरी पडत नाही, आणि खोट्या कौतुकाने डळमळलेले मन सावरत नाही, ते अधिक संशयी होते. स्पर्धांनाही या वर्षी पाठवू नका. परीक्षकांपुढे शेकडो चित्रे असतात आणि त्यांचे नाकारणे तुम्ही आज नको तितके मनाला लावून घ्याल. त्यापेक्षा डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो तेव्हा तिथली छायाचित्रांची दालने सावकाश पाहा; एका भिंतीवर किती थोडी चित्रे लावून लोक आपले म्हणणे पुरे करतात, हे पाहण्यासारखे असते.

बाहेरच्या पथकांविषयी तुमच्या मनात जी धास्ती आहे तिचे उत्तरही निवडीतच आहे. त्यांच्या समाजमाध्यमांवरील पानावर तुम्ही जे पाहता ते दोन-तीन दिवसांच्या समारंभातून, चार-पाच छायाचित्रकारांनी काढलेल्या कामातून वेचलेले पंधरा-वीस फोटो असतात, आणि त्यांची तुलना तुम्ही स्वतःच्या न निवडलेल्या चार हजारांशी करता. शिवाय तिथे सूर्यास्ताची वेळ पाहून विधी मागेपुढे केले जातात, दिवे लावणारा माणूस वेगळा असतो, आणि पाहुणे मोजके असतात. फोंड्यातील सभागृहात मुहूर्त पंचांग ठरवते, सहाशे माणसे मंडपाकडे सरकत असतात, आणि नेमक्या वेळी एखादे काका मोबाइल उंचावून तुमच्या पुढ्यात उभे राहतात. ही परीक्षा अधिक अवघड आहे, असे माझे मत आहे. लग्नाआधीच्या छायाचित्रणाचेही तसेच; पर्रा येथील माडांचा रस्ता आणि पणजीतील फोंतान्हासच्या रंगीत भिंती यांच्यापुढे उभ्या असलेल्या जोडप्यांचे फोटो इतक्यांनी काढले आहेत की त्यात कुणाचा डोळा कुठे आहे हे ओळखणे कठीण झाले आहे. पाहुण्यांच्या मोबाइलची भीती तर सोडूनच द्या. मोबाइल एका दाबात अनेक फ्रेम घेऊन त्या आपोआप जुळवतो, म्हणून त्याचे चित्र लगेच उजळ दिसते आणि वऱ्हाड घरी पोचण्यापूर्वी सगळीकडे पसरते. तुम्ही त्याच संध्याकाळी निवडलेले दहा फोटो वधूवरांना पाठवलेत तर ती तक्रार बरीचशी मिटते, आणि निवडण्याचा सरावही होतो.

चवथीच्या दिवसांत स्वतःच्या घरची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट, आणि गणपतीपुढची माणसे एकाच लेन्सने टिपा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कागद चिकटवा आणि दिवसाला ३६ फोटोंच्या पुढे जाऊ नका. रात्री त्यातला एक ठेवा. वरून लोंबणारे नारळ, सुपारीचे घड आणि रानातली फळे, खाली समईचा उजेड आणि मागे एलईडीची माळ, म्हणजे मंडपातल्या उजेडाच्या सगळ्या अडचणी तिथे घरबसल्या हजर असतात, आणि फोटो बिघडला तरी कुणी पैसे मागणार नाही.

आदल्या रात्री छाती धडधडते, असे तुम्ही लिहिले आहे. एखाद्या अपघातानंतर काही महिने असे होऊ शकते आणि तयारी पक्की झाल्यावर ते बहुधा ओसरते. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा कामाच्या दिवसांखेरीज इतर वेळीही तीच भीती येत असेल तर तो छायाचित्रणाचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तिथे जाण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

स्टुडिओ बंद करण्याबद्दल एवढेच सांगेन की कॅमेरा खाली ठेवणे हाही सन्मानाचा निर्णय असू शकतो. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९७० मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, छायाचित्रण थांबवले आणि २०१२ पर्यंतच्या आयुष्यात त्या पुन्हा त्या व्यवसायाकडे वळल्या नाहीत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले ते आधीच्याच कामासाठी. परंतु नव्या छायाचित्रकारांची वागण्याची रीत त्यांना पटत नव्हती म्हणून त्या बाहेर पडल्या. आपल्याला काम येत नाही, असे वाटून त्या गेल्या नाहीत. तुम्हाला हे कामच नकोसे झाले असेल तर अवश्य थांबा. तुमच्या पत्रावरून मला तसे वाटले नाही, आणि एका बिघडलेल्या मुहूर्तानंतर, भीतीच्या भरात घेतलेला निर्णय पुढच्या वैशाखात डाचत राहील. वर्षभर तो विषय मिटलेला ठेवा.

राहिला दोन लग्नांचा प्रश्न. ओळखीच्या कुटुंबातले लग्न सोडू नका. एक विश्वासू मदतनीस बरोबर घ्या आणि अंतरपाटाच्या वेळी त्याला वधूच्या मागच्या बाजूने उभे करा, म्हणजे एका कॅमेऱ्याने दगा दिला तरी क्षण जाणार नाही. कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी नोंद होऊ द्या. यजमानांना आधीच लिहून द्या की तुम्ही साडेतीनशे ते चारशे निवडक छायाचित्रे द्याल, उरलेली देणार नाही. ‘सगळे फोटो द्या’ ही मागणी होईलच, आणि तिथे नम्रपणे नाही म्हणावे लागेल. कुटुंबातल्या कुणाकुणाचे फोटो हवेतच, याची यादी त्यांच्याकडून आधी घ्या, म्हणजे त्यांचीही चिंता मिटेल. रिसॉर्टवरचे लग्न मात्र माझ्या मते परत करावे. ते तुम्ही कामाच्या ओढीने घेतले की बाहेरच्या पथकांच्या तोडीचे आहोत हे दाखवण्यासाठी घेतले, हे तुम्हीच जाणता. पण या हंगामात ती कसोटी अंगावर घेण्याची गरज नाही. परत करायचे तर ते आत्ताच करा, कारण तुळशीच्या लग्नानंतर दुसरा छायाचित्रकार मिळणे त्यांना अवघड जाईल. फोनवर न सांगता शक्य असल्यास भेटून सांगा, पूर्ण आगाऊ रक्कम त्याच वेळी परत द्या, आणि ज्यांचे काम तुम्हाला स्वतःला आवडते अशा दोघा स्थानिक छायाचित्रकारांची नावे, त्यांना आधी विचारून, यजमानांना सुचवा.